तुम्ही विचारलंत म्हणून: कोण्या भरतीची तयारी?

"मॅडम, कोण्या भरतीची तयारी करून राह्यल्या?" आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न मला पांदणीवर बंडीवाले विचारतात, शाळेत पालक विचारतात. आमच्याकडे पहाटे पळतात ती पोलीस भरतीची पोरं. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. चाळिशी ओलांडलेली शिक्षिका कशासाठी पळते, असं कोणालाही वाटेल. तर नीटच सांगते. मला पळायला मनापासून आवडतं, आणि ती आवड मनगटावरच्या घड्याळामुळे लागली.

आधी भरतीच्या पोरींसोबत पळून पाहिलं होतं. त्यांना तीनेक मिनिटांत सगळा जीव लावायचा असतो, त्या चालीत मजा येणार कुठून? मग भाच्यानं नवं घड्याळ घेतलं आणि जुनं मला दिलं. त्याच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की आकडा भलताच येतो, म्हणून पळताना तो थोडा घट्ट बांधावा.

220 मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. माझं वय 44, म्हणजे 176. त्याच्या 70 टक्के धरले तर 123. तेवढ्यातच राहायचं ठरवलं, तर सुरुवातीला जवळजवळ चालावंच लागे. पण दम लागत नव्हता, आणि दम लागत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावंसं वाटायचं. काही महिन्यांनी तेवढ्याच ठोक्यांत नाल्यापासून मारुतीच्या देवळापर्यंतचं अंतर कमी वेळात होऊ लागलं. सरावानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, त्याचा हा परिणाम. आपल्या आत काहीतरी सुधारतंय, हे मी घड्याळाच्या पडद्यावर पाहत होते. तो आनंद मला परीक्षेच्या निकालातही कधी मिळाला नव्हता.

हळू पळल्यामुळे वावरं दिसू लागली. दिवाळीनंतर पांदणीच्या एका अंगाला पऱ्हाटी फुटलेली असते, दुसऱ्या अंगाला तुरीचा पिवळा फुलोरा. जागलीवरून परतणारे लोक रात्री रोही (नीलगायी) कोणाच्या वावरात शिरले ते सांगतात. घरी येऊन मोबाईलवर नकाशा उघडला की माझ्या पळण्याची रेघ उमटलेली असते. नकाशात त्या पांदणीला नावसुद्धा नाही. उघड्या रानात उपग्रहांचा सिग्नल चटकन मिळतो, दाट झाडांखाली मात्र रेघ थोडी वाकडी जाते.

मे महिन्यात त्याच वेगाला आकडा चढतो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, म्हणून हृदय जास्त धडधडतं. पारा 45 च्या घरात जाणाऱ्या आपल्या मुलखात हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. तेव्हा मी वेग सोडते, आकडा सोडत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटांना धरून बसते, मग डांबरी रस्ता बरा. कॅलरीच्या आकड्याकडे मी पाहतच नाही, तो निव्वळ अंदाज असतो.

काहीजणी घड्याळाची किंमत विचारतात. त्यांना सांगते, आधी सोबतीण शोधा. पळता पळता तिच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं, की वेग बरोबर आहे. आणि निघायचं ते उजाडल्यावर. अंधारात पांदणीला रानडुकरं असतात.