अठ्ठ्याऐंशी चौरस सेंटिमीटर

फाटकी नोट बँकेत कशी तपासतात याबद्दल लोकांचे स्वतःचेच नियम असतात. दोन्ही नंबर दिसले पाहिजेत, गांधीजींचा चेहरा शाबूत पाहिजे, नोटेवर पेनाने काही लिहिलं की ती गेलीच. खरा नियम मुख्यतः क्षेत्रफळाचा आहे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सगळ्यात मोठा अखंड तुकडा मोजायचा. तो नोटेच्या 80 टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. ‘अखंड’ हा त्यातला कळीचा भाग. घरी रात्रभर बसून चिकटपट्टीने दहा तुकडे जोडून आणलेली नोट पाहिली की मला वाईट वाटतं, कारण त्या मेहनतीचा मोजमापात काही उपयोग नसतो. दोन हजारांची नोट 166 मिलिमीटर लांब आणि 66 रुंद. पूर्ण पैशांसाठी 88 चौरस सेंटिमीटर लागतात, अर्ध्यांसाठी 44.

हे आकडे 2023 सालच्या अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवसापासून माझ्या डोक्यात घट्ट बसले आहेत.

आमची शाखा लालबागला, करन्सी चेस्ट असलेली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा ठेवणारी. गणपतीच्या दिवसांत राजाच्या रांगा, बॅरिकेड, ढोल यातून वाट काढत कामावर यायचं. त्या वर्षी आत आणखी एक रांग होती. रिझर्व्ह बँकेने 19 मे रोजी दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घेत असल्याचं जाहीर केलं होतं आणि बदलून घ्यायची मुदत 30 सप्टेंबरला संपत होती. (पुढे ती 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं.) एका वेळी वीस हजारांपर्यंत नोटा बदलून मिळत. 2016 साली एका रात्रीत नोटा रद्द झाल्या होत्या, तसं या वेळी नव्हतं. ही नोट कायद्याने चालूच राहणार, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी घोषणेनंतर काही दिवसांतच दुकानदार हात आखडायला लागले. मुदत चार महिन्यांची असूनही भायखळ्याचा एक घाऊक व्यापारी जूनमध्येच माझ्या काउंटरवर म्हणाला होता, “मॅडम, मी घेईन हो, पण पुढचा माझ्याकडून घेणार नाही.” चलन नेमकं कसं पडतं, ते यापेक्षा स्वच्छ शब्दांत मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आदेश दिल्लीहून किंवा फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेतून येतो. किंमत मात्र पुढच्या माणसाने हात मागे घेतला की तिथल्या तिथे उतरते.

दुपारी बाराच्या सुमाराला एक काका आले. सत्तरीच्या आतबाहेर, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. रांगेत शांतपणे उभे राहिले. काउंटरवर आल्यावर पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि उघडली, तर मातीचा ढेकूळ निघाला. वाळवीची माती. त्यात मधेमधे दोन हजारांच्या नोटेचा गुलाबी-जांभळा रंग दिसत होता.

शेजारच्या काउंटरवरच्या आमच्या नव्या अधिकाऱ्याने पाहिलं आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “हे काय उचलून आणलंय?” शाखाप्रमुखांनी काचेआडून खूण केली, फोर्टला रिझर्व्ह बँकेत पाठवा. रांग मोठी होती हे मला मान्य आहे. पण चेस्ट असलेल्या शाखेने फाटक्या नोटा तपासून तिथेच निकाल द्यायचा असतो, आणि आमच्या शाखेत तो अधिकार माझ्याकडे होता. सत्तरीच्या माणसाला लालबागहून फोर्टला धाडणं म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर ढकलणं. काउंटर शेजारणीकडे दिला आणि काकांना आत माझ्या टेबलाशी बसवलं.

“घाई करू नका,” ते म्हणाले. “मला कुठे जायचं नाही.”

चिकटलेल्या नोटा सोडवणं हे सावकाशीचं काम आहे. पाणी लावायचं नाही, नखाने ओढायचं नाही. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणूनच तो इतकी वर्षं हाताळणी सोसतो, आणि वाळवीलाही तो लाकडाइतकाच गोड लागतो. मी टेबलावर पांढरा कागद पसरला, रंगाच्या बारीक ब्रशने माती झाडली, ढेकूळ पंख्याखाली सुकू दिला. मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने सरकवत एकेक नोट सुटी केली. एका नोटेचा कागद आजूबाजूने पार खाल्लेला आणि सुरक्षा धागा तेवढा तारेसारखा उभा राहिलेला. नोटा मोजायची यंत्रं आली, खोट्या नोटा पकडणारी आली. त्यांनी हाताला पुष्कळ आराम दिला, पण हे काम यंत्राचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे हेड कॅशियर डोळे मिटून, नुसत्या बोटांनी खोटी नोट बाजूला काढायचे आणि शाखेत त्यांचा दबदबा होता. आज कॅशमधला माणूस म्हणजे बढती चुकलेला माणूस. विमा विकणाऱ्याचं नाव फलकावर लागतं, नोट ओळखणाऱ्याचं लागत नाही. हे मला पटत नाही आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते.

सोडवताना काका बोलत होते. गणपतीला गावी, राजापूरच्या बाजूला गेले होते. गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर भाऊबंदांनी मागचं पडवीचं छप्पर उतरवायचं ठरवलं, तेव्हा बायकोची पत्र्याची ट्रंक निघाली. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. ती चाळीत डबे करून विकायची आणि त्यातलं थोडं बाजूला ठेवायची, नवऱ्यालाही न सांगता.

दोन हजारांच्या सहा नोटा निघाल्या. त्यांच्या खाली जुन्या पाचशेच्या सात, 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री बाद झालेल्या. म्हणजे त्या वेळीही तिने सांगितलं नव्हतं. काकांनी त्या सातांकडे बोट करून विचारलं, “ह्यांचं काही?” मी मान हलवली. त्या नोटा धडधाकट होत्या. नोटांपैकी वाळवी दोन हजारांपर्यंतच पोचली होती. चार नोटा कमीजास्त खाल्लेल्या असून त्यांतल्या बहुतेकींना निदान काही किंमत होती, आणि ह्या सात कोऱ्या करकरीत असून रद्दी. दोन्ही नोटांवर धारकाला पैसे देण्याचं वचन छापलेलं, खाली गव्हर्नरची सही. वचन मागे घेतल्याचं नोटेवर कुठेच दिसत नाही. ते नोटेबाहेर घडलेलं असतं.

मग मोजणी. चौकटी आखलेली पारदर्शक पट्टी नोटेवर ठेवायची, पूर्ण चौकटी मोजायच्या, कडेच्या तुटक्यांचा हिशेब लावायचा. पहिल्या दोन नोटा नुसत्या मळलेल्या, पूर्ण पैसे. तिसरी 91 भरली, पूर्ण. चौथी साठच्या घरात, अर्धे. पाचवी तिसाच्या आसपास, काही नाही.

सहावी 86 आणि 87च्या मधे अडकली. मी पट्टी फिरवून, उलटी करून, खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा मोजली. दीड चौरस सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा. तेवढ्यासाठी हजार रुपये जात होते. माझ्या सहीने 88 लिहिता आलं असतं आणि कुणी कधी विचारलं नसतं. मी लिहिलं नाही. हा नियम मला न्यायाचा वाटतो, कारण तो नोट कुणाच्या हातात आहे हे विचारत नाही. तो वाकवायला लागलो तर ओळखीचा माणूस पूर्ण पैसे नेईल आणि कोळीण अर्धे. काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. साच्यावर कापड तपासायचे तेव्हा असंच असायचं.”

तेव्हा कळलं की ते गिरणीतले. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आधी बदली कामगार, मग कायम.

आठ हजारांची पावती करायला घेतली आणि टेबलावरचा कचरा गोळा करताना ढेकळाच्या तळाचा घडी केलेला जाड कागद हाताला लागला. नोटा ताठ राहाव्यात म्हणून त्या माउलीने खाली घातलेला. “ते टाका,” काका म्हणाले. मी उघडला. आत दोन गोष्टी होत्या. 1980 सालचं गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबरासकट. आणि जानेवारी 1982ची पगाराची चिठ्ठी, हजेरी फक्त 17 तारखेपर्यंतची.

लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला त्या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा शाळेत होते. त्याआधी आमच्या चाळीत ‘मुलगा गिरणीत कायम आहे’ एवढं सांगितलं की सोयरीक पुढे सरकायची. वाणी गिरणीचं नाव विचारायचा आणि वहीत नवं पान उघडायचा. त्या वहीत तारण म्हणून दुसरं काही नसायचं. संप लांबला तसा वाणी पहिल्यांदा तेल मोजून द्यायला लागला, मग तांदूळ, मग वही आतच ठेवायला लागला. दोन वर्षांत तेच वाक्य मुलीचे वडील उलट्या अर्थाने विचारायला लागले, “गिरणीत तर नव्हता ना?” माणसाचे हात तेच होते. काम तेच येत होतं. संपाबरोबर संपाच्या कल्पनेचीही पत गेली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आमच्या शाखेतली हुशार मुलं रविवारी टार्गेटसाठी येतात, ती सुट्टी कुणीतरी भांडून मिळवली होती हे त्यांना सांगितलं तर हसतात. मला त्यांचा राग येत नाही. ज्यांनी त्यांना हे शिकवलं नाही त्यांचा येतो.

काका आले त्याच महिन्यात, सप्टेंबर 2023मध्ये, म्हाडाने घरांसाठी गिरणी कामगारांची पात्रता ठरवण्याची मोहीम सुरू केली होती. दीड लाखाच्या आसपास अर्ज पडून होते. 1 जानेवारी 1982ला कामावर होतात याचा पुरावा द्यायचा: ओळखपत्र, तिकीट नंबर, भविष्यनिधीचा क्रमांक, असे कागद. आमच्या चाळीतली म्हातारी माणसं माळे उपसत होती. काकांनी अर्ज केलेला होता. त्यांच्याकडे कागद नव्हता.

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. ते बराच वेळ वाचत बसले. मग विचारलं, “वाळवीने खाल्लेलं चालेल? ह्याचे किती टक्के लागतात?”

नाव, नंबर, महिना आणि गिरणीचा शिक्का, चारही वाचता येत होते. कडा गेल्या होत्या. आमच्या झेरॉक्सवर दोन्हीच्या प्रती काढल्या, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले. नव्या अधिकाऱ्याला हाक मारली आणि म्हाडाच्या संकेतस्थळावर काकांचा अर्ज शोधायला लावला. त्याने तो चटकन शोधून दिला. मघाशी तोंडातून गेलं त्याबद्दल तो काही बोलला नाही. पण काकांना खालपर्यंत सोडायला गेला आणि राजाच्या गर्दीतून पलीकडे नेऊन आला.

पुढच्या आठवड्यात काका वांद्र्याला जाऊन कागद देऊन आले. पुढे पासबुक भरायला आले की खिडकीशी थांबायचे.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते. 2024मध्ये गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा सरकारी निर्णय निघाला. म्हणजे बदलापूरच्याही पुढे. ज्या जमिनीवर त्यांचे साचे चालले तिथे लोअर परळला मॉल आणि काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्या एका फ्लॅटचा भाव मी कर्जाच्या कागदांवर पाहते. संघटना म्हणतात घर मुंबईतच हवं. काकाही तेच म्हणतात.

मी त्यांना सांगते, काका, घ्या ते घर. लालबागची खोली भावाच्या नावावर आहे, तुमचं वय झालं, हातात आलेलं सोडू नका. ते म्हणतात, “मी वांगणीसाठी अर्ज केलेला नाही.” मी म्हणते, निम्मं मिळतंय ते घ्या. त्यावर ते त्या सहाव्या नोटेची आठवण काढतात: “नोटेला वाळवी लागली होती, म्हणून निम्मे घेतले. चिठ्ठी पूर्ण आहे माझी.”

बँकेतली बाई म्हणून माझा सल्ला बरोबर आहे, अशी माझी खात्री आहे. लालबागची मुलगी म्हणून मला तो त्यांना पुन्हा देववत नाही. मागच्या महिन्यात ते आले तेव्हा पासबुक भरून दिलं आणि वांगणीचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला. आझाद मैदानात कधी जमायचं ते सांगितलं आणि विचारलं, “ताई, त्या दिवशी तुला रजा मिळेल का?”