शॉकअपचा पाव हिस्सा

नागपुरात फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेऊन पानठेल्यापाशी उभं राहिलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो. तो आकडा जमेल तितका कमी सांगून वेळ मारून नेता येते. दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो: ‘‘मांगं बी शॉकअप हाय? कायले पायजे?’’

प्रश्न रास्त आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर वसलेलं हे सपाट गाव. सेमिनरी हिल्सची टेकडी चढायला सुरुवात करावी तोवर ती संपते. माउंटन बाइक आहे, माउंटन नाही. पण मागचा शॉकअप डोंगरासाठी असतो हा समजच मुळात अर्धवट आहे. तो खडबडीत जमिनीसाठी असतो, आणि तिची इथे वाण नाही. शहराच्या पश्चिमेला, काटोल रोडच्या बाजूला, दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड येते. मुरमातून डोकं वर काढलेले गोटे तिथे पावलोपावली. आणि मग शेतांमधल्या पांदणी. पावसाळ्यात तिथून गाई-म्हशी जातात, बैलबंडी जाते, ट्रॅक्टर जातो. दिवाळीनंतर काळी माती वाळते आणि प्रत्येक खुराचा ठसा जागच्या जागी पक्का होतो: तळहाताएवढा, दोन बोटं खोल, धारदार कडांचा. एप्रिलपर्यंत तो इतका कडक होतो की टाच मारली तरी कड मोडत नाही. असे शे-दोनशे ठसे ओळीनं लागले की साध्या सायकलचं मागचं चाक प्रत्येक ठशाचा हिशेब सीटमार्फत कमरेला देतं.

आता गंमत अशी, की खुराचा ठसा म्हणजे उंचवटा नव्हे, खड्डा. खड्ड्यात चाक खाली जायला हवं, आणि खाली जायला शॉकअपला उघडता यायला हवं. तो आधीच पूर्ण उघडा असेल तर आणखी कुठे उघडणार? म्हणून माणूस बसला की शॉकअप थोडा दबलेलाच असावा लागतो. याला सॅग म्हणतात. मागे साधारण २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के. पैसे मोजून घेतलेल्या ट्रॅव्हलचा, म्हणजे चाकाच्या वर-खाली हालचालीचा, पाव हिस्सा बसल्या बसल्या खर्ची पडतो, हे नव्या मालकाला पटत नाही. दुकानात सीटवर हातानं दाबून ‘लई मऊ आहे’ म्हणणारे आणि दुकानदाराकडून आणखी हवा भरून घेणारे सगळे या पाव हिश्श्यावरच घाव घालतात. मग पांदणीत सायकल उडायला लागली की दोष कंपनीला.

हवेवर चालणाऱ्या शॉकअपला सॅग लावायला शॉक पंप, म्हणजे जास्त दाबाचा छोटा हातपंप, लागतो. टायरचा पंप इथे कामाचा नाही. मागच्या शॉकअपमध्ये हवा वाटीभर, पण दाब १५० ते २५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). सुरुवातीचा आकडा कंपनीच्या तक्त्यात मिळतो. अनेक शॉकअपना शरीराचं वजन पौंडात मोजून तितके पीएसआय भरले तरी पहिला अंदाज बरा येतो. ७० किलोचा माणूस म्हणजे साधारण १५५. एका दमात भरू नये. आतमध्ये हवेच्या दोन खोल्या असतात, एक ढकलणारी आणि एक ओढणारी, आणि त्यांच्यातला मार्ग शॉकअप थोडा दबला की उघडतो. पन्नासेक पीएसआय भरावं, सीटवर हात ठेवून दहा वेळा सावकाश दाबावं, परत भरावं, परत दाबावं. हे केलं नाही तर काटा १५५ दाखवतो आणि पहिल्या गल्लीतच १४० वर येतो. लोक म्हणतात लीक आहे. लीक नसते, हवा दुसऱ्या खोलीत गेलेली असते. पंप काढताना ‘फुस्स’ होतं तेही पंपाच्या नळीतल्या हवेचं. पुन्हा पंप लावून काटा पाहिला तर तो कमी दिसतो, कारण नळी भरायला शॉकअपमधलीच हवा जाते. या चक्रात माणसं अख्खी संध्याकाळ घालवू शकतात.

मोजताना ज्या कपड्यांत चालवणार त्याच कपड्यांत उभं राहायचं: हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी. विदर्भात ती पिशवी दोन-तीन लिटरची असते, म्हणजे दोन-तीन किलो. घरच्या चड्डीत मोजलेला सॅग रस्त्यावर खोटा ठरतो. शॉकअपवरची कळ पूर्ण ‘ओपन’वर हवी. भिंतीला एक हात टेकवून पेडलवर उभं राहायचं, दोन-तीनदा दबायचं, स्थिर व्हायचं, दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवायची आणि हिसका न देता उतरायचं. समजा शॉकअपचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आत जायची पूर्ण लांबी, ५५ मिलिमीटर आहे, तर ३० टक्के म्हणजे साडेसोळा. रिंग वीसवर थांबली तर हवा कमी आहे. पाच-पाच पीएसआय वाढवत यावं. पुढच्या १५० मिलिमीटरच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या शॉकअपला, हेच गणित २२ ते ३० वर येतं. पुढचं मागच्यापेक्षा मऊ राहिलं तर ब्रेक दाबताच सायकल नाक खुपसते. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात, म्हणून मित्राचा आकडा उसना घेऊ नये; पंप एकच ठेवावा आणि मिलिमीटरवर विश्वास ठेवावा.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते. पहाटे २५ अंशांत १८० पीएसआय भरलेला शॉकअप दुपारी ४५ अंशांत जराही न वापरता १९३ च्या आसपास जातो, कारण बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो. मे अखेरच्या नवतपात बाल्कनीत तापलेल्या सायकलचा सॅग मोजून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे फुटाळा तलावाच्या रस्त्यावर ती बसकी वाटते. हवा मोजायची ती चालवण्याच्या वेळेला, सावलीत. टायरलाही हाच नियम: पहाटेचे २५ पीएसआय दुपारी पावणेअठ्ठावीस.

सॅग हे नुसतं अर्धं काम. दबलेला शॉकअप किती वेगानं परत वर येतो ते रिबाउंड ठरवतं, आणि पांदणीचा खरा निकाल तिथे लागतो. त्यासाठी बहुधा लाल खुंटी असते; काही फोर्कवर एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला कासव. खुंटी कासवाकडे पूर्ण फिरवून तिथून टिकटिक मोजत मधोमध यावं. मग सीटवर बसूनच सावकाश फूटपाथवरून खाली उतरावं. सायकल दबली, एकदा वर आली आणि थांबली तर ठीक. दोनदा-तीनदा डोलली तर कासवाकडे एक टिक. हवा वाढवली की रिबाउंडही थोडं सावकाश करावं लागतं, हे मात्र बरेच जण विसरतात.

फसगत होते ती उलट बाजूला. रिबाउंड फार सावकाश असेल तर पहिल्या खुराच्या ठशाच्या पलीकडच्या कडेला शॉकअप दबतो, पुरता वर यायच्या आत दुसरा ठसा येतो, मग तिसरा. दहाव्या ठशापर्यंत शॉकअप तळाशी चिकटलेला असतो आणि वर यायला त्याला सवडच नसते. बसणाऱ्याला काय वाटतं? सायकल कडक आहे. मग तो हवा काढतो, शॉकअप आणखी लवकर तळ गाठतो, सायकल आणखी कडक वाटते. ‘सुरुवातीला बरी, पुढे दगड’ अशी तक्रार आली की पंप खिशात ठेवून आधी खुंटी सशाकडे दोन टिक फिरवावी. एकाच तुकड्यावरून तीनदा जावं, दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. कंटाळवाणं आहे खरं. पण एकदम तीन खुंट्या फिरवणाऱ्याला पुढे काहीच कळत नाही.

शहरातल्या सिमेंट रस्त्यांवर शॉकअपवरची कळ बंद करून जावं, पेडलबरोबर होणारं डोलणं थांबतं. पांदण लागली की ती उघडायची आठवण ठेवायची, एवढंच.

टायर ट्यूबलेस करूनच घ्यावेत. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यापुढे ट्यूबचा निभाव लागत नाही. २९ इंची, २.४ इंच रुंदीच्या टायरला १०० ते १२० मिली सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव. ७० किलोच्या माणसाला पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरुवात. सीलंटच्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, इथल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी घालून बघावं. काडी कोरडी आली तर आत नुसती रबराची साय उरली आहे.

ब्रेकबाबत आधी एक पाहावं: पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे. मोटरसायकलची सवय उजव्याची असते, आणि बाहेरून आलेल्या सायकलला तो डावीकडे असू शकतो. पहिल्याच उताराला हे कळणं बरं नाही. नव्या डिस्कला पकड यायला रिकाम्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन चाक लॉक न करता चालण्याच्या गतीपर्यंत यायचं, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर उडाला तर ही सगळी मेहनत वाया जाते आणि ब्रेक किंचाळायला लागतात.

फ्रेमच्या मागच्या हलत्या सांध्यांचे बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर टॉर्क पान्यानं तपासावेत. आकडा फ्रेमवर किंवा पुस्तिकेत असतो, अंदाजानं आवळायचे नाहीत. सीट धरून मागचं चाक हलकेच वर उचलावं आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवावं. जिथे ‘टक’ लागते तिथे ढिलाई आहे. पुष्कळदा ती बेअरिंगमध्ये नसून शॉकअपच्या टोकाच्या बुशमध्ये असते, आणि तो स्वस्तात बदलता येतो. करकर आवाज आला तर सांधे खोलण्याआधी सीटपोस्ट काढून पुसून परत बसवावा; धूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. फोर्कचे आणि शॉकअपचे चकचकीत दांडे रोज कोरड्या फडक्यानं पुसावेत. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा सांध्यांवर मारला की पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं.

उरला पावसाळा. ओल्या काळ्या मातीत फुल सस्पेन्शन सायकल नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या चाकाभोवती दांड्यांची दाटी जास्त, त्यामुळे चिखल चाकाच्या वीस-पंचवीस वेढ्यांत ते जाम करतो. तरी पेडल मारत राहिलं तर मागचा गिअर चाकाच्या तारांमध्ये ओढला जाऊन त्याचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. हँगर मोडण्यासाठीच बनवलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. बऱ्याच मॉडेलचा वेगळा. सायकल घेतानाच एक जास्तीचा मागवून पिशवीत टाकावा, कारण जुलैत शहरभर फिरलं तरी नेमका आपल्याच सायकलचा मिळत नाही.