वाडेगावच्या पुढची दुपार

पंढरीच्या पायी वारीत शेगाव, पारस, अकोला झालं, गर्दी होती, दर्शन झालं, त्याचं काय लिहू. मला वाडेगावच्या पुढची दुपार सांगायची आहे.

मृग लागला होता पण पाऊस नाही, डांबर तापलेलं, आणि डाव्या टाचेला हा टम्म फोड. दिंडी पुढं निघून गेली, टाळ पण ऐकू येईना. निंबूच्या बागेत मोटर सुरू होती, तिथं बांधावर बसून साडी गुडघ्यापर्यंत घेतली अन् पाय पाण्यात सोडले. तेवढ्यात बागेतला पोट्टा आला, पंचविशीच्या आतलाच असेल. मी घाईघाईनं साडी ओढायला लागली तर म्हणे, "राहू द्या मावशी, पाय भिजू द्या," आणि पाठ फिरवली, तसाच पाठमोरा ओरडला, "माय, इकडं ये वं, माउलीचा पाय फोडला उन्हानं." त्याची माय सुई-दोरा घेऊन आली, फोडातून दोरा ओवून टोकं बाहेर तशीच ठेवली, वरून हळद लावली, निंबू-मिठाचं पाणी पाजलं. तेवढा वेळ तो निंबाच्या झाडाकडं तोंड करून उभा, एकदाही वळला नाही. पैसे घेतले नाही, "आमच्या वाटचं पाया पडजा" एवढंच.

रात्री पातूरला कीर्तन, षड्रिपूंवर. बुवांचा आवाज असा की चालीलाच मला रडू आलं, खरंच. आणि मग काम या रिपूवर आले, बाई म्हणजे नरकाचं दार म्हणाले आणि हात आमच्या बाजूला केला. डोकंच फिरलं माझं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, मनात नसताना माणूस पाप कशानं करतो, तर देव सांगतात काम आणि क्रोध, रजोगुणातून उठणारे. रजोगुण ज्याचा त्याच्या आत आहे नं. सोळाव्यात नरकाची तीन दारं आहेत, काम, क्रोध, लोभ, त्यात बाई कुठंय? सातव्यात तर धर्माला सोडून नसलेला काम मीच आहे असं देव स्वतः म्हणतात, मग संसार केलेल्यांनी मान खाली का घालायची? तुकोबांचा 'पराविया नारी रखुमाईसमान' हा नेम स्वतःच्या मनाला घातलेला आहे, समोरच्या बाईला ते माते म्हणतात.

कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडली आणि हे सगळं बोलली, म्हटलं महाराज, उद्या तुकोबांचा हाच अभंग घ्या आणि पुरुषांकडं पाहून सांगा. मेडशीला त्यांनी अभंग तोच घेतला, पाहत मात्र होते आमच्याकडंच. मी मधातच उठली, माझ्यामागं आणखी दोघी उठल्या, आणि आम्ही राहुटीत बसून हरिपाठ केला.