वापरलेली क्राऊन-पिनियन जोडी पुन्हा बसवताना

मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राऊन व्हील (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे दातेरी चाक) यांची नवी जोडी बसवताना मॅन्युअलमधली मापे साधली की काम बहुतेक झाले असे मानता येते. वापरलेल्या जोडीच्या बाबतीत मात्र तीच मापे दिशाभूल करू शकतात. धावता धावता या दोन्ही चाकांचे दात एकमेकांना साजेसे झिजलेले असतात, त्यामुळे ती ज्या स्थितीत झिजली त्याच स्थितीत त्यांना परत नेणे हेच खरे काम असते.

म्हणूनच खोलण्यापूर्वी घेतलेली मोजमापे सर्वांत मोलाची. तेल काढून दात पुसल्यावर डायल गेजने क्राऊन व्हीलवर तीन-चार ठिकाणी बॅकलॅश, म्हणजे दोन्ही चाकांच्या दातांमधला मोकळेपणा, मोजून लिहून ठेवावा आणि मार्किंग पेस्ट (रंगीत लेप) लावून दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा घ्यावा. नव्या जोडीसाठी बऱ्याच गाड्यांत ०.१५ ते ०.२५ मिमी बॅकलॅश सांगितलेला असतो. जुन्या, पण आवाज न करणाऱ्या जोडीत तो ०.३० मिमी निघाला, तर तो ओढूनताणून ०.२० वर आणू नये. कारण त्यासाठी क्राऊन व्हील पिनियनकडे सरकवावे लागते, संपर्क दाताच्या आतल्या टोकाकडे जातो, झिजलेल्या भागाच्या कडेवर भार येतो आणि आधी नसलेली घरघर सुरू होते. साइड बेअरिंगच्या (क्राऊन व्हीलला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या बेअरिंगच्या) कॅप हाऊसिंगला बसवूनच कातलेल्या असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या कॅपची अदलाबदल मुळीच चालत नाही. त्यांवर पंचने खुणा कराव्यात आणि दोन्ही बाजूंच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या बांधून ठेवाव्यात.

पिनियन किती खोल बसते हे ठरवणारी शिम सहसा जशीच्या तशी परत वापरता येते, मात्र बेअरिंग नवे घेतले असेल तर जुन्या आणि नव्या बेअरिंगची उंची मायक्रोमीटरने मोजून जो फरक येईल तेवढा शिमच्या जाडीत भरून काढावा. जोडी दुसऱ्या हाऊसिंगमध्ये जाणार असेल, तर जुन्या शिमची जाडी ही केवळ सुरुवात ठरते आणि निर्णय ठशावरच सोडावा लागतो. येथे एक अडचण असते: गाडी ओढताना भार घेणारी बाजू इतकी झिजलेली असते की पिनियन थोडे चुकले तरी ठसा जुन्या जागीच उमटल्यासारखा दिसतो. अशा वेळी मी उलट बाजूच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर भार घेणाऱ्या बाजूच्या ठशावर अधिक विश्वास ठेवतो. तो दाताच्या मुळाशी गेला असेल तर पिनियन जास्त आत (क्राऊन व्हीलकडे) आहे, माथ्याकडे गेला असेल तर बाहेर आहे.

दातांची संख्याही पाहावी. ४१ आणि ११ दातांच्या जोडीत पिनियनचा प्रत्येक दात कालांतराने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो, त्यामुळे जोडी कुठूनही जुळवली तरी चालते. ४० आणि १० असतील तर ठरावीक दातच ठरावीक दातांना भेटत राहतात, म्हणून टायमिंगच्या (कोणता दात कोणत्या दातापाशी हे दाखवणाऱ्या) खुणा जुळवाव्याच लागतात.

कॉलॅप्सिबल स्पेसर (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, नट आवळताना चेपणारी नळी) प्रत्येक वेळी नवाच घ्यावा. जुन्या बेअरिंगना प्रीलोड (बेअरिंग आधीच दाबून ठेवणारा भार) नव्याच्या साधारण निम्मा पुरतो, आणि पिनियनचा नट थोडा थोडा आवळत, दर वेळी पिनियन फिरवण्यास लागणारा टॉर्क (पीळ) मोजत तिथवर पोहोचावे. मर्यादा ओलांडली तर नट ढिला करून भागत नाही. चेपलेला स्पेसर फुगत नाही, तो बदलावाच लागतो. (याचा कंटाळा करणारे पुष्कळ असतात.)

हायपॉइड (पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला असलेल्या) दातांसाठी योग्य दर्जाचे तेल भरून गाडी चालवताना आवाज एकसारखा राहतो, की पाय दाबल्यावर आणि काढल्यावर बदलतो, हे ऐकावे. बदलत असेल तर आधी दातांचा संपर्क तपासावा. भार बदलूनही तीच घरघर राहत असेल तर बेअरिंगकडे वळावे, शिमला हात लावू नये.