तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशवाणी 99 टक्के लोकांपर्यंत पोचते, मग माझ्या घरात का नाही?

प्रश्न बहुतेक वेळा थोड्या रागातच येतो. आकाशवाणी देशाच्या सुमारे 92 टक्के भूभागावर आणि 99.19 टक्के लोकसंख्येपर्यंत पोचते असं सरकारी कागद सांगतात आणि इथे रेडिओ लावला की खरखर. मग आकडा खोटा आहे का? नाही. पण तो तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून मोजलेला नाही, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा तुम्ही बहुधा ज्या एफएमच्या पट्ट्यावर काटा फिरवताय त्या पट्ट्याचा नाही.

तो वाटा मध्यम लहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा. जुने निवेदक किलोहर्ट्झच्या आधी मीटरचा आकडा सांगायचे. तो त्या लहरीची लांबी असायचा. पुणे केंद्राचे 792 किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे 379 मीटर. मनोरा साधारण या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा असला की काम नीट होतं. इथे तो हिशेब 95 मीटरच्या आसपास येतो. मध्यम लहरींच्या मनोऱ्यावर वेगळा अँटेना बसवलेला नसतो, अख्खा मनोराच अँटेना असतो, आणि तो पोर्सेलीनच्या इन्सुलेटरवर उभा असतो. खरा खर्च मात्र जमिनीखाली असतो. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरतात. पाठ्यपुस्तकी प्रमाण 120 तारांचं, प्रत्येक तार मनोऱ्याएवढी लांब. या तारा गंजल्या किंवा कुणी खणून नेल्या की प्रक्षेपकाचं (ट्रान्समीटरचं) मीटर पूर्ण शक्ती दाखवतं, पण बरीचशी शक्ती जवळची माती तापवण्यातच जाते आणि लांबचे श्रोते तुटतात.

दिवसा ही लहर जमिनीला धरून जाते. ओल्या काळ्या मातीवरून चांगली जाते, खारट समुद्रावरून फारच चांगली, कोरड्या खडकावरून वाईट. शंभर किलोवॉटचं केंद्र चांगल्या जमिनीवर दिवसा शे-दीडशे किलोमीटर सहज काढतं. मधल्या डोंगराचा तिला फारसा त्रास होत नाही, कारण इतक्या लांब लहरीला डोंगराला वळसा घालता येतो. 99 टक्क्यांचं गणित प्रामुख्याने या मोठ्या वर्तुळांवर उभं आहे.

सूर्य मावळला की नियम बदलतात. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा हवेचा विद्युतभारित थर आकाशाकडे गेलेली लहर शोषून घेतो. रात्री तो विरतो, लहर त्याच्या वरच्या थरावर आपटून परत येते आणि शेकडो किलोमीटरवरचं केंद्र तुमच्याकडे खणखणीत लागतं. याच गोष्टीवर भिस्त ठेवून 1988 मध्ये नागपूरहून 1566 किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक सुरू झाला आणि आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी त्यावरून रात्रभर चालायची. नागपूर निवडण्याचं कारण नकाशा पाहिला की कळतं.

पण रात्रीचा हा फायदा फुकट मिळत नाही. तुमच्या जवळच्या केंद्राची जमिनीवरून येणारी लहर आणि त्याच केंद्राची आकाशातून परतलेली लहर एकत्र आल्या की कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो आणि मधेच घोगरा होतो. केंद्रापासून साधारण शंभर-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हा त्रास सर्वाधिक. अशा वेळी बिघाड रेडिओत नसतो, म्हणून दुकानात जाऊ नका.

आता एफएम. लहर तीन मीटरची, ती जवळपास सरळ रेषेत जाते. पल्ला काढायचं साधं सूत्र आहे: मनोऱ्याची आणि तुमच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून मिळवा आणि 4.12 ने गुणा. शंभर मीटरचा मनोरा आणि छतावर दहा मीटरवरचा अँटेना: 10 अधिक 3.16, गुणिले 4.12, म्हणजे 54 किलोमीटर. त्यापलीकडे शक्ती वाढवून फार काही हाती लागत नाही, उंचीच लागते. म्हणूनच एफएमचे मनोरे डोंगरमाथे शोधतात. आणि मधे दुसरा डोंगर आला तर हे सूत्र विसरा.

छोट्या प्रक्षेपकांचं गणित तर आणखी बोलकं आहे. 28 एप्रिल 2023 रोजी शंभर वॉटचे 91 एफएम प्रक्षेपक एकदम सुरू झाले. त्यातून सुमारे 35,000 चौरस किलोमीटर नवा भाग आणि दोन कोटी लोक जोडले जातील असं जाहीर झालं. भागाकार करा: एका प्रक्षेपकाला 385 चौरस किलोमीटर, म्हणजे अकरा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. तालुक्याच्या गावाला पुरेसं, वाडीवस्तीला नाही. त्यांचं महत्त्व मी कमी करत नाही, कारण खासगी एफएमचे परवाने शहर धरून निघतात आणि जाहिरातदार नसलेल्या गावात खासगी मनोरा उभा राहत नाही. पण मध्यम लहरींचं एक मोठं केंद्र बंद करून एफएमची दोन छोटी लावली की पोच वाढली, हे म्हणणं मला पटत नाही. 150 किलोमीटरच्या वर्तुळात अकरा किलोमीटरची वर्तुळं किती मावतात ते स्वतःच मांडून पाहा.

बंद का करतात, त्यालाही कारण आहे. हजार किलोवॉटचा प्रक्षेपक तासाला किमान हजार युनिट वीज खातो, वर प्रक्षेपकातली गळती आणि थंड ठेवण्याचा खर्च. शिवाय श्रोत्यापर्यंत पोचणारी लहर दुप्पट तीव्र करायला शक्ती चौपट लागते, म्हणून शेवटचे काही टक्के नेहमीच सगळ्यात महाग. डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडिआल, म्हणजे मध्यम लहरींवरूनही चालणारं डिजिटल प्रसारण) हा त्यावरचा उतारा म्हणून आला: कमी विजेत तेवढाच पल्ला, आवाज स्वच्छ. प्रक्षेपक बसले, पण घरगुती संच बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून ते घोंगडं भिजत पडलं आहे. आणि डिजिटलचा एक स्वभाव लक्षात ठेवा. जुना सिग्नल कमी झाला की खरखरीतूनही बातमी कळते. डिजिटल एका पायरीनंतर गप्पच होतो. नॉर्वेने 2017 मध्ये देशव्यापी एफएम बंद करून डिजिटलवर उडी घेतली ती आधी मनोऱ्यांचं जाळं पुरं करून.

राहिलं तुमचं स्वयंपाकघर. एफएमची पोच आखताना अँटेना जमिनीपासून दहा मीटर उंच धरतात आणि स्टीरिओसाठी ग्रामीण भागात 54, शहरात 66, महानगरात 74 डेसिबल (एक मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या तुलनेत) इतकी तीव्रता मागतात. शहराला जास्त, कारण तिथे विजेचा गोंगाट जास्त. ओट्यावर ठेवलेल्या संचापर्यंत येईतो त्यातले दहा-वीस डेसिबल उडालेले असतात.

मध्यम लहरींचं दुखणं वेगळं. स्लॅब आणि भिंतींतल्या गजांची जाळी त्यांना अडवते आणि उरलेलं एलईडी दिवे, चार्जर गिळतात. आधी घराचा मेन स्विच बंद करून सेलवर रेडिओ लावा. खरखर गेली, तर एकेक उपकरण सुरू करत चोर शोधा. बहुधा तो स्वस्त चार्जर असतो. मग संच खिडकीशी न्या आणि आडवा फिरवा. वरची दांडी ओढून उपयोग नाही, ती एफएमची. मध्यम लहरी आतल्या काळ्या फेराइट कांडीवर पकडल्या जातात आणि कांडीचं टोक केंद्राकडे असलं की आवाज जवळपास नाहीसा होतो. कांडीची लांब बाजू केंद्राकडे हवी. तरी भागलं नाही तर दहा-पंधरा मीटर वायर घ्या, एक टोक बाहेर उंच बांधा, संचाभोवती कांडीच्या दिशेला काटकोनात चार-पाच वेढे द्या आणि दुसरं टोक ओल्या जमिनीतल्या सळईला जोडा.

एफएमसाठी सुमारे 71 सेंटिमीटरचे दोन तुकडे एका रेषेत बसवा, मधे 75 ओहमची टीव्हीची केबल जोडा, गच्चीवर न्या. आडवं आणि उभं दोन्ही करून पाहा. मनोऱ्याच्या अगदी जवळ राहत असाल तर उलट दांडी आखूड करा, कारण जास्त सिग्नलनेही संच गोंधळतो. आणि विजांचा कडकडाट सुरू होण्याआधीच बाहेरची वायर संचापासून सोडवून ठेवा.