हार्टसाइडच्या माथ्यावर

सायकल टूरमागून सपोर्ट व्हॅन चालवणं म्हणजे पगारी सहल, असं आमच्या घरी अजूनही वाटतं. खरं तर माझं निम्मं काम कानांचं असतं. मुक्कामावरून सगळे निघताना मी गेटपाशी उभा राहतो आणि प्रत्येकाने ब्रेक दाबला की ऐकतो. ओल्या ब्रेक-डिस्कची (चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीची) किंकाळी चालते, ती पाच मिनिटांत थांबते. कोरडं, खरखरीत, धातूवर धातू घासल्यासारखं काही ऐकू आलं की चहा तसाच ठेवायचा.

त्या सकाळी उत्तर इंग्लंडमधल्या पेनरिथ गावी मला तो आवाज आला नाही, कारण त्या गृहस्थांनी ब्रेक दाबलाच नाही. निवृत्त हेडमास्तर, अंगाने भक्कम, स्वभावाने त्याहून. पश्चिम किनाऱ्यावरचं व्हाइटहेवन ते पूर्व किनाऱ्यावरचं संडरलँड, साधारण 225 किलोमीटर, एका धर्मादाय संस्थेसाठी. मैलामैलाला देणगीदार. आयरिश समुद्रात मागचं चाक भिजवून निघायचं आणि उत्तर समुद्रात पुढचं भिजवायचं, ही इथली रीत. मधले सगळे डोंगर आपल्या पायांनी ओलांडायचे, व्हॅनला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम.

आदल्या दिवशी लेक डिस्ट्रिक्टमध्ये दिवसभर पाऊस होता. शेतातल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि खडीची बारीक कच पाण्याबरोबर डिस्क आणि तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडच्या मध्ये शिरते. मग रेझिनचे पॅड सहाणेवर धरल्यासारखे झिजतात. नव्या पॅडवर घासणारा थर जेमतेम दोन मिलिमीटर असतो, अर्ध्यावर आला की बदलायचा. यांची सायकल नुकतीच ‘फुल सर्व्हिस’ होऊन आली होती. पावती मला दोनदा दाखवली. ब्रेकसमोर टिकमार्क होता. असेलही त्या दिवशी एक मिलिमीटर शिल्लक, दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण सायकल पुढच्या आठवड्यात कुठे जाणार आहे, हे इथे सर्व्हिस करताना कोणी विचारत नाही. कालव्याकाठी फिरणाऱ्याला आणि पेनाइन्सची डोंगररांग ओलांडणाऱ्याला तोच टिकमार्क.

हार्टसाइड ही त्याच डोंगररांगेतली खिंड, 580 मीटरवर. त्या दिवशी हेल्म वारा सुटला होता. क्रॉस फेल या डोंगरावरून ईशान्येकडून उतरणारा हा वारा, ब्रिटनमध्ये नाव असलेला एकमेव. डोंगरमाथ्यावर ढगाची आडवी पट्टी दिसली की समजायचं, आज चढ आणि वारा दोन्ही समोरून. हेडमास्तर सगळ्यांत शेवटी वर आले, थांबताना ब्रेक दाबला आणि मला हवा नव्हता तो आवाज आला.

चाक काढून बघितलं. पुढच्या पॅडवर थर शिल्लकच नव्हता, नुसती पत्र्याची पाठ. डिस्कवर चरे. मागचे कसेबसे. माझ्या पेटीत पॅडचे इतके आकार असतात की दुकान टाकता येईल, पण त्यांच्या जुन्या कॅलिपरचा (पॅड ज्यात बसतात त्या भागाचा) नेमका आकार नव्हता. माथ्यापासून पुढे A686 या मोठ्या रस्त्यावरून सुसाट उतार, मग लेडगेटकडे वळून गॅरिगिल गावापर्यंत चिंचोळा रस्ता. मधोमध खडी, वळणापलीकडे मेंढ्या.

“मागचा ब्रेक चालतो की,” ते म्हणाले.

मी पेनरिथला जाऊन पॅड आणतो म्हटलं. टूर लीडर बाकीच्यांना घेऊन पुढे निघाला. व्हॅनने ग्रुप सोडायचा नाही असा आमचा नियम आहे, हे त्याने जाता जाता ऐकवलं. हेडमास्तरांना म्हटलं, गाडीत बसा, परत इथेच आणून सोडतो, तुमचा एक मैलही कमी होणार नाही. ऐकेनात. मी गेलो की हे निघणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी पुढच्या चाकाचा ॲक्सल, म्हणजे चाक सायकलला धरून ठेवणारा दांडा, खिशात टाकला आणि गाडी सुरू केली.

जाऊन येऊन तासाच्या वर गेलं. माथ्यावर पूर्वी कॅफे होता, 2018 च्या मार्चमध्ये तो जळाला. आडोसा नाही. पासष्टी ओलांडलेला माणूस भिंतीला टेकून, माझं जॅकेट अंगावर घालून त्या वाऱ्यात बसला होता. थर्मास न उघडता बाजूला ठेवलेला.

पॅड बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जुने पॅड जागेवर ठेवूनच टायर लिव्हरने पिस्टन हळूच मागे सारले, डिस्क स्पिरिटने पुसली, नवे पॅड घातले. पण नवे पॅड लगेच धरत नाहीत. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबण्याआधी सोडायचा, असं पुन्हा पुन्हा. मी त्यांना तिथेच फेऱ्या मारायला लावल्या. मारल्या, एक शब्द न बोलता. मग पॅडचे पैसे विचारले, सुटे मोजून दिले आणि निघून गेले.

लीडरचं म्हणणं, सायकल त्यांची, रस्ता सार्वजनिक, जीवही त्यांचाच. तिन्ही खरं. शिवाय मागे व्हॅन नसताना पुढे एकीचं टायर फाटलं आणि ती गॅरिगिलपर्यंत सायकल ढकलत गेली, तेही माझ्याच खात्यावर. पण तो स्वतः माथ्यावर हजर होता, आवाज त्यानेही ऐकला होता. त्याने नियम सांगितला, “जाऊ नका” एवढं त्या माणसाला सांगितलं नाही. इथे सभ्यपणाच्या नावाखाली पुष्कळ गोष्टी अशा समोरच्याच्या गळ्यात टाकतात.

ऑफिसने विचारलंय, ग्राहकाच्या सायकलचा भाग कोणत्या अधिकारात ताब्यात घेतला. ॲक्सल नेला नसता तर ते निघाले असते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित मुकाट्याने पायी उतरलेही असते. उत्तराचा मसुदा लिहून ठेवलाय. पॅडचा फोटो जोडलाय, अधिकाराची ओळ अजून कोरी आहे.