स्टँडर्ड हेरल्डचं काम: चेसिस, मागचा अॅक्सल, ट्रनियन आणि ब्रेक

भारतात तयार झालेल्या गाड्यांत ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सगळ्यात जवळ जाणारी गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली ती हेरल्डचीच चेसिस आखूड करून. हेरल्डचा व्हीलबेस ९१.५ इंच, स्पिटफायरचा ८३. पुढचं सस्पेन्शन, मागचा स्विंग अॅक्सल, आडवी पाटा स्प्रिंग, सगळं एकाच घराण्यातलं. त्यामुळे मद्रासला बनलेल्या हेरल्डला स्पिटफायरचे बरेच पार्ट नुसत्या बोल्टवर बसतात, आणि ते इंग्लंडमध्ये आजही नवे तयार होतात.

ही नोंद बेळगावातल्या एका ९४८ सीसी हेरल्डची. इंजिनाचं थोडकंच येईल, कारण क्रम ठरलेला आहे: आधी चेसिस, मग मागचा अॅक्सल, मग ब्रेक, पॉवर सगळ्यात शेवटी. ३५ हॉर्सपॉवरला जी गाडी वळणावर सरळ राहत नाही, ती ६० ला काय करेल ते चोर्ला घाटात कळतं, आणि तिथे कळून उपयोग नसतो.

दुसरी अट उलटवता येण्याची. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या केंद्राच्या विंटेज नियमांत चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. म्हणून गंजलेला पत्रा बदलणं सोडून कापाकापी नाही. जे बसवायचं ते मूळ भोकांत, आणि काढलेला पार्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून फळीवर.

चेसिस

बॉडी चेसिसवर नटबोल्टांनी बसलेली, ती तुकड्यांत सुटते. घरच्या शेडमध्ये हे काम जमतं ते त्यामुळेच. पण बोल्ट ढिले करण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपची आडवी-तिरपी बांधणी टॅक वेल्ड करून घ्यावी. नाहीतर टब (बॉडीचा मधला भाग) उचलताना चौकट वाकते आणि दारं नंतर कधीच नीट लागत नाहीत. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये शिमच्या चकत्या असतात. कोणत्या जागी किती होत्या ते चेसिसवरच खडूने लिहून फोटो काढावा. दारांची फट या चकत्यांवर ठरते.

गंज कुठे असतो ते ठरलेलं आहे: चेसिसच्या बाजूला फुटणारे आधाराचे हात म्हणजे आउटरिगर, डिकीखालचे हात आणि डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) आसपासच्या मुख्य नळ्या. खानापूरच्या बाजूला चाललेल्या गाड्यांत आउटरिगरच्या पोटात लाल माती घट्ट बसलेली असते. ती पावसाळाभर ओल धरते आणि पत्रा आतून बाहेर खाते. वरून रंग शाबूत दिसतो, स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो. हातोडीने ठोकत जावं: चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो.

आउटरिगर एकाच वेळी सगळे कापू नयेत. एक कापला, नवा लावला, कर्ण मोजले, मग पुढचा. दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर वेल्ड तोडून पुन्हा. नवे तुकडे २ मिमी पत्र्याचे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत वाकवून मिळतात. वेल्डिंग मिगने आणि २५-३० मिमीच्या तुकड्यांत, समोरासमोर बाजू बदलत. सलग शिवण मारली की नळी उष्णतेने ओढली जाते. रंग उन्हाळ्यातच. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत प्रायमरखाली ओल अडकते आणि दिवाळीला फोड येतात. नळ्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स मारायचं, आणि पाणी निघायची मूळ भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना ते तारेने पाहायचं.

पान्यांबद्दल एक गोष्ट. या गाडीत बहुतेक आटे यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आणि बोल्टची डोकी इंचात. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना लागतो आणि कोपरे मारतो. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन रिंग पाने चांगल्यातले घ्यावेत.

मागचा हब

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच. मागचा हब शाफ्टच्या टेपरवर किल्लीसह बसलेला असतो आणि पन्नास वर्षांत तो शाफ्टशी एकजीव होतो. तीन पायांचा बाजारी पुलर लावला की तो हबच्या कडेला ओढतो, फ्लँज वाकते आणि चाक कायमचं लडबडतं. पुलर करूनच घ्यावा: २० मिमी जाड प्लेट, चाकाच्या चार स्टडवर बसणारी, पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास) ९५.२५ मिमी. लेथवाल्याला हा आकडा लिहूनच द्यावा, तोंडी सांगितला तर तो ९५ किंवा १०० धरतो. स्टड ३/८ यूएनएफ. मध्यभागी बारीक आट्यांचा एम २४ बोल्ट, टोक कडक केलेला.

शाफ्टचा नट काढून उलटा, टोकाशी समपातळीत फिरवून ठेवावा म्हणजे आटे चिरडत नाहीत. पुलर आवळावा, मधल्या बोल्टच्या डोक्यावर चार पौंडी घणाचा एक खणखणीत ठोका, पुन्हा पाव आटा. नाही सुटला तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडून द्यावा. सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, समोर उभं राहू नये. टेपरजवळ आणि किल्लीच्या खाचेत शाफ्टला बारीक चीर आहे का ते डाय पेनेट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) पाहायचंच. शाफ्ट तुटतो तो इथेच आणि चाक हबसकट निघून जातं.

स्विंग अॅक्सल

या अॅक्सलचा दोष सगळ्यांना ऐकून माहीत असतो, कारण फार थोड्यांना. अर्ध-शाफ्ट डिफरन्शियलपाशीच वळतो, बाहेरच्या टोकाला सांधा नाही. वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागचं वजन हलकं होतं, बॉडी वर उचलते, चाकं खाली लटकून आत दुमडतात आणि टायर अर्ध्या रुंदीवर चालतो. भारतीय कंपनीने १९७२ च्या गॅझेलमध्ये हा अॅक्सल सोडून साधा सलग अॅक्सल घेतला तो उगाच नव्हे.

इंग्लंडमधले लोक स्पिटफायर मार्क ४ ची स्विंग स्प्रिंग बसवायला सांगतात. तिच्यात फक्त खालचा पाटा घट्ट असतो, बाकीचे मध्यावर झुलतात. उपाय उत्तम, पण ती डिफरन्शियलच्या (डिफच्या) चार स्टडवर बसते आणि हेरल्डची स्प्रिंग सहा स्टडवर. म्हणजे केसिंगही बदलायचं. शिवाय पुढे जाड अँटी-रोल बार नसेल तर मागची बाजू फार झुकते. इथे साधा मार्ग घेतला आहे: स्प्रिंगचे पाटे सुटे करून गंज काढला, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरलं, आणि स्प्रिंग व डिफच्या मध्ये २५ मिमी अॅल्युमिनियमचा ब्लॉक, लांब स्टडसकट. गाडी मागून खाली बसते आणि चाकांना किंचित उणा कॅम्बर येतो, म्हणजे वरची बाजू आत झुकते. २५ मिमीच्या वर जाऊ नये. आपल्या गावांतले स्पीडब्रेकर कोणत्या मापाचे असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

स्प्रिंगचं टोक चाकाजवळच्या व्हर्टिकल लिंकमध्ये घालताना जॅक लावला की स्प्रिंग दबायच्या ऐवजी रिकामी गाडीच वर उचलते. डिकीमध्ये ५० किलोची दोन सिमेंटची पोती टाकावीत. टोकाचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करून, दहा-वीस फूट पुढेमागे ढकलून, वजन असतानाच शेवटचे आवळायचे. लटकत्या चाकांवर आवळले तर रबर बुश पिळलेले राहतात आणि गाडी मागून उंच दिसते. मग लोक स्प्रिंगला दोष देतात. टायर १४५/८० आर १३, म्हणजे जुन्या वॅगन-आरचं माप, सहज मिळतं. हवा पुढे २२, मागे २६ पीएसआय.

ट्रनियन

पुढच्या चाकाची उभी लिंक खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरते. यात ग्रीस भरायचं नाही. ईपी ९० गिअर ऑइल घालायचं, वरच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही आणि सुकलं की वाट अडवून बसतं. खाली पाणी साचतं, लोखंडी लिंक गंजते आणि एके दिवशी चाक वळवताना तुटते. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या हेरल्डमध्ये गॅरेजवाल्यांनी निपल दिसला म्हणून ग्रीसच मारलेलं सापडतं. लिंक बाहेर काढून आटे घासून पाहावेत. खड्डे दिसले तर नवी घ्यावी, वेल्ड भरून वाचवू नये. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल करू नये. बसवताना शेवटपर्यंत फिरवून मग एक आटापर्यंत मागे घ्यायचं, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग वळलं पाहिजे. दरवर्षी मृगाआधी तेल.

ब्रेक आणि इंजिन

पुढे स्पिटफायरचे ९ इंची डिस्क. कॅलिपर, ब्रॅकेट, हब, डिस्क सगळं एकाच गाडीचं, एकाच संचातलं घ्यावं. वेगवेगळ्या मॉडेलचे स्टब अॅक्सल जुळत नाहीत. मागचे ड्रम तेच. चाकाच्या सिलिंडरमध्ये खड्डे असतील तर स्टेनलेसचं स्लीव्ह बसवून मूळ बोअरला होन करून मिळतं. ब्रेकचं डॉट ४ ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन पावसाळ्यांनंतर बदलायचं. सर्किट एकच आहे, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. जुने लोखंडी पाइप एकही ठेवू नये.

इंजिन उघडण्याआधी क्रँकचा एंड-फ्लोट (तो पुढेमागे किती सरकतो ते) पाहावा. पुढच्या पुलीवर डायल गेज लावून दुसऱ्याने क्लच दाबायचा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक. जास्त असेल तर मागच्या मेन बेरिंगचे अर्धगोल थ्रस्ट वॉशर गेले. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, म्हणून मागचा आधी झिजतो. पुरता झिजला तर सरकून संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतो आणि क्रँक थेट ब्लॉक खातो. नवे बसवताना खाचांची बाजू क्रँककडे. हे काम संप उतरवून, इंजिन गाडीत ठेवूनच होतं.

हेडला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवायला दिल्या आहेत, कारण शिशाविना पेट्रोलवर मूळ बिडाची सीट खचत जाते आणि टॅपेटची फट कमी होत राहते. फट ०.०१० इंच, थंड इंजिनावर. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) साठी पेट्रोलचे सगळे पाइप एसएई जे ३० आर ९ छापलेले, पंपाचा डायाफ्राम नवा, आणि सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट पाच अंकांनी मोठा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं ते प्लगच्या पांढऱ्या टोकावरून दिसतं.

आता डिफ. ९४८ चं मूळ गुणोत्तर ४.८७५, हायवेवर इंजिन ओरडत राहतं. हेरल्ड १२०० चं ४.११ जसंच्या तसं बसतं, पण ३५ हॉर्सपॉवरवर चोर्ल्याची चढण तिसऱ्या गिअरमध्ये निघणार नाही. तेव्हा ते १२०० चं ११४७ सीसी इंजिन मिळेपर्यंत खोक्यातच राहील.